भिंगरीची वायर

"एक तर ती वायर टाकून दे, नाही तर खुर्चीवर बसून वाजव," दादा म्हणाला. "तिसरं काही मला सांगू नकोस."

हे तो स्टेजवर गुडघे टेकून, कीबोर्डच्या स्टँडखालून गिटारचा अ‍ॅम्प ओढून काढता काढता म्हणाला, त्यामुळे भिंगरीला हसू आलं. तिने ते गिळलं. गिळायलाच हवं होतं. पाचच मिनिटांपूर्वी, एका कारखान्याच्या मेळाव्यात, भरल्या सभागृहासमोर, तिचे पाय नेहमीसारखे चालू लागले होते. वायर संपली, पाय थांबले नाहीत. वायर सुटू नये म्हणून ती अ‍ॅम्पच्या मुठीतून फिरवून घ्यायची सवय होती तिला. तर वायर सुटली नाहीच, अ‍ॅम्पच स्टुलावरून उडी मारून दादाच्या कीबोर्डवर आदळून स्टँडखाली जाऊन बसला. कीबोर्डने एकदम सगळे सूर काढले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, गाण्याचा शेवटच तसा आहे.

"मला बसून वाजवता येत नाही, दादा."

"जगातले निम्मे गिटारवाले बसून वाजवतात."

"मग त्यातला एक आण."

"आणायची गरज नाही." दादाने कीबोर्डवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली आणि एका बटणावर बोट ठेवलं. "यात गिटार आहे. दाबलं की झालं. पुढच्या शनिवारी मोठ्या हॉलचे मॅनेजर आपल्याला ऐकणार आहेत. पसंत पडलो तर वर्षभर दर शनिवारची संध्याकाळ आपली. तिथे तू अ‍ॅम्प फरफटत धावलीस ना, तर मी हे बटण दाबेन. बहीण म्हणून बघणार नाही."

वहिनी तिचा बिनवायरचा माइक पिशवीत ठेवत होती. ती बँडची गायिका आणि घरातली एकमेव अशी व्यक्ती, जिचं दादा ऐकतो. "अहो, तिच्या पायाचा दोष तिला काय सांगता?" एवढंच ती म्हणाली.

ड्रमवर बसणारा मावसभाऊ, गप्प्या, नावाप्रमाणे गप्प होता.

पायाचा दोष म्हणाल तर तो खरा होता. भिंगरीचं हे नाव शाळेतलं. घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. दादाला कीबोर्ड शिकायचा म्हणून एकुलतं एक टेबल त्याला मिळालं. ती चौदा वर्षांची, हातात कुणाची तरी टाकलेली गिटार, आणि बसायला जागा कुठेच नाही. मग ती दाराबाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये शिकली, चालत. या टोकाच्या जिन्यापासून त्या टोकाच्या नळापर्यंत बावीस पावलं. बावीस जाताना, बावीस येताना. शेजारणी म्हणायच्या, "आली गं, फेरीवाली आली." तिची बोटं पावलांशी अशी बांधली गेली, की पाऊल थांबलं की बोटंही दारातल्या पाहुण्यासारखी उभी राहायची. एकदा पाय मुरगळला म्हणून ती बसून वाजवायला गेली, तर चार सूर वाजवून विसरली. सगळ्यांना वाटलं, घाबरली. घाबरली नव्हती. तिला पुढचं पाऊल सापडत नव्हतं.

आता ती त्रेचाळीस वर्षांची. दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, उंच स्टुलावर, काचा घासायच्या मशीनपुढे. तिथे हलायची सोय नाही. हात हलला तर काच फुकट. म्हणून सगळी वळवळ पायात उतरायची. पलीकडच्या खोलीतून डोळे तपासणाऱ्या बाई ओरडायच्या, "पाय थांबव गं! इथे तक्ता हलतोय, आणि पेशंट म्हणतोय अक्षरं नाचतात!"

सोमवारी मधल्या सुट्टीत ती सोल्डरकाकांकडे गेली. काकांचं वाद्यांचं दुकान, पण विक्रीपेक्षा डाग देण्याचा धूर जास्त.

"गिटारला वायरलेस हवंय, काका. शनिवारच्या आत."

"चालतेस किती?"

"म्हणजे?"

"अगं स्टेजवर. किती पावलं? सहा? दहा?"

"स्टेज असेल तितकी."

"आणि स्टेज संपल्यावर?"

"आजवर वायर आधी संपली."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिचे पाय काउंटरखाली ताल धरत होते. "उभी तरी राहा नीट, मला चक्कर येते," म्हणत त्यांनी तीन वस्तू काढल्या.

पहिली म्हणजे दोन बोंडं, अंगठ्याएवढी. एक गिटारमध्ये खुपसायचं, एक अ‍ॅम्पमध्ये. झालं. दुसरा कमरेला अडकवायचा जुना डबा, पाठ धरल्यामुळे वाजवणं सोडलेल्या एका बेसवाल्याचा. तिसरी वस्तू महागाची: गिटारसाठी एक छोटा ट्रान्समीटर आणि जमिनीवर ठेवायचा, विटेएवढा रिसीव्हर. त्याला एक बारीक गोल खुंटी होती.

"ही खुंटी कशाची?"

"ते तुला वाजवताना कळेल. मी सांगितलं तर म्हणशील, काका महागातलं गळ्यात मारतायत. तिन्ही घेऊन जा. शुक्रवारी दोन परत. ओरखडा दिसला तर तिन्ही तुझ्या."

"यातलं दगा कोण देणार नाही?"

"सगळे देतात. हवेतून यायचं म्हणजे वाटेत माणसं भेटणारच. लोकांचे फोन, हॉलचं वायफाय, सगळे एकाच गल्लीतून ये-जा करतात. तू आधी जागेवर जाऊन बघून ये."

मंगळवारी संध्याकाळी दादाच्या घरी सराव होता. तिने कमरेचा डबा लावला. वहिनीने माइक सुरू केला, तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून असा काही चीत्कार निघाला की गप्प्याच्या हातातली काठी पडली.

"माझ्या घशात घुबड बसलंय का?" वहिनी घाबरली.

"बंद करा! बंद करा!" दादा दोन्ही कानांवर हात ठेवून.

डबा बंद, घुबड गप्प. डबा सुरू, घुबड हजर. बेसवाल्याचा डबा आणि वहिनीचा माइक एकाच लहरीवर बोलत होते, आणि त्या डब्याची लहर बदलता येत नव्हती.

"दोघींपैकी एकीनेच बोलायचं असं दिसतंय," वहिनी म्हणाली. "नणंदबाई, तुम्ही माघार घ्या."

डबा पिशवीत गेला. दादाने ते गिटारचं बटण दाबून दोन सूर वाजवून पाहिले.

घरी येईपर्यंत तिने तीन वेळा रस्ता चुकवला. चुकवला म्हणजे चालायला लांबचा घेतला. नवरा बटाटे सोलत बसला होता. तो लिफ्टची दुरुस्ती करतो. दिवसभर अडकलेल्या माणसांना 'घाबरू नका, हलू नका' असं सांगून सांगून त्याचा आवाज कायमचा शांत झालाय. लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच त्याने 'हलू नका' बायकोला सांगायचं सोडून दिलं.

"भिंतीकडे तोंड कर," ती म्हणाली.

"मी काय केलं?"

"काही नाही. ऐक फक्त. मागे वळायचं नाही."

तिने दुकानातल्या बाईंची पद्धत लावली. बाई पेशंटच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काच धरतात आणि विचारतात, आता बरं की मघाशी? पेशंटला नंबर कळत नाही, काचेची किंमत कळत नाही, म्हणून तो खरं बोलतो. तिने आधी आपल्या जुन्या लांब वायरने तुकडा वाजवला. मग बोंडं लावून तोच. हातपाय तेच, खोलीतल्या खोलीत सहा पावलं जायचं, सहा यायचं.

"आता बरं की मघाशी?"

नवऱ्याचा चाकू थांबला. "मघाची तू होतीस."

"आणि ही?"

"ही कोणीतरी दुसरी आहे. हुशार मुलगी आहे, चकचकीत वाजवते. पण आपली नाही."

तिने परत वाजवलं, उलटसुलट क्रमाने, फसवायला मुद्दाम वायर दोनदा लावून. तो एकदाही फसला नाही. तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिसरी वस्तू लावली. तीही दुसरीच मुलगी. आणि मग तिने ती बारीक खुंटी फिरवली.

"थांब," नवरा भिंतीला म्हणाला. "ही आली बघ घरी."

खुंटी काय करत होती ते तिला आता कळलं. लांब वायर आवाजाची धार खाते, आणि ही खुंटी तितकीच धार कापून, वायर असल्याचं सोंग करत होती. म्हणजे इतकी वर्षं ज्याला ती आपला हात समजत होती, त्यात थोडा वाटा त्या वायरीचा होता. तिला हे अजिबात आवडलं नाही. ती गिटार ठेवून पुन्हा बाहेर चालायला गेली.

"बटाटे होतायत," नवरा भिंतीकडेच बघत म्हणाला. "वळू का आता?"

महागातलं ठरलं. राहिलं जागेवर बघणं. गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली आणि मोठ्या हॉलवर गेली. मॅनेजर म्हणजे बारीक अंगाचा माणूस आणि त्याच्यापेक्षा वजनदार किल्ल्यांचा जुडगा.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "नंतर खुर्च्या लागायच्यात. शनिवारच्या बँडमधल्या तुम्ही?"

"हो."

"ते अ‍ॅम्प ओढणारे तुम्हीच का?"

बातमी तिच्यापेक्षाही भरभर चालली होती.

रिकामा हॉल, रिकामं स्टेज. तिने अ‍ॅम्प मागच्या भिंतीला लावला, रिसीव्हर त्याच्या पायाशी ठेवला आणि माप घ्यायला लागली. माप घ्यायची तिची एकच पद्धत, हाडात भिनलेली. दुकानात तक्ता वीस फुटांवर असतो. काच तयार झाली की ती डोळ्यापुढे धरायची, तक्त्याकडे तोंड करायचं आणि एकेक पाऊल मागे जायचं. अक्षर कुठे फिसकटतं बघायचं. तशीच ती रिसीव्हरच्या हिरव्या दिव्याकडे बघत मागे निघाली. पाऊल, सूर. पाऊल, सूर. स्टेजची कड आली. पायऱ्या उतरली, उलटी. मधल्या वाटेने मागे, आणखी मागे, थेट शेवटच्या दारापर्यंत. एक सूर सांडला नाही.

"चालतंय की!" मॅनेजर दारातून म्हणाले.

"चालतंय!" ती म्हणाली, आणि आनंदाने आणखी दोन फेऱ्या मारल्या, तशाच, दिव्यावरची नजर न काढता.

शनिवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. मधली वाट तेवढी मोकळी. मॅनेजर पहिल्या रांगेत, मांडीवर किल्ल्या. पहिली दोन गाणी भिंगरी मागेच, रिसीव्हरला लागून दादाशेजारी राहिली, कारण त्यात तिला नुसती साथ करायची होती. तरी पाय शिवशिवत होते. तिसऱ्या गाण्यात तिचा तुकडा होता, एकटीचा. वहिनीने ओळ संपवली, बाजूला झाली, आणि भिंगरी निघाली. वायर नाही, ओढ नाही, मागून कुणी पदर धरलेला नाही. आठ पावलांत ती स्टेजच्या कडेला पोचली, लोकांसमोर उभी ठाकली, आणि तार छेडली.

काहीच नाही.

म्हणजे तारेचा स्वतःचा टिंगटिंग आवाज, डास गुणगुणावा तसा. अ‍ॅम्प मुका. तिने बॅटरीचा दिवा बघितला, हिरवा. ट्रान्समीटर दाबून बघितला, घट्ट. रिसीव्हरकडे बघायला ती गर्रकन वळली, आणि अ‍ॅम्पमधून तिचा सूर असा फुटला की गप्प्या दचकला. चला, आला! ती पुन्हा लोकांकडे वळली. गेला. पाठ केली, आला. तोंड केलं, गेला. तीनदा झालं. लोकांना मजा वाटायला लागली. कुणी तरी हसलं, मग चार जण हसले.

तेवढ्यात गिटार वाजली. तिची नव्हे. गुळगुळीत, दाढी करून आल्यासारखी. दादाने बटण दाबलं होतं. तिचा तुकडा, तिचेच सूर, बसून.

तिच्या अंगाची लाही झाली. रागाने आधी काही सुचेना, मग एकदम सुचलं. गुरुवारी ती एकदाही वळली नव्हती! त्या हिरव्या दिव्याकडे तोंड करून, दुकानात तक्त्याकडे बघावं तशी, सरळ मागे मागे गेली होती. गिटार आणि रिसीव्हर यांच्यामध्ये तेव्हा काहीच नव्हतं. आता ती स्वतः होती. लोकांचे फोन, हॉलचं वायफाय यांनी आधीच गल्ली भरलेली, आणि त्यात सगळ्यात मोठी भिंत तिची स्वतःची पाठ. चार दिवस यंत्र पारखलं आणि वाजवणारीला पारखायचं राहिलं.

पाठ करून वाजवायचं? वर्षभर, दर शनिवारी, लोकांना वेणी दाखवत? त्यापेक्षा गुरुवारसारखं.

ती पायऱ्यांकडे गेली आणि उतरली.

"कुठे चाललीस!" दादा ओरडला. वहिनीच्या माइकमधून ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

भिंगरी मधल्या वाटेत येऊन वळली. तोंड स्टेजकडे, गिटार स्टेजकडे, मध्ये मोकळी वाट. तार छेडली. पूर्ण आवाज, धारेसकट, घरातली मुलगी. एक पाऊल मागे, सूर. आणखी एक. दोन्ही बाजूंच्या माना तिच्याबरोबर वळत गेल्या. नवव्या रांगेपाशी खर्र झालं. ती एक पाऊल पुढे आली आणि आवाज परत आला. बस्स, तिची हद्द कळली. पायरी ते नववी रांग. कॉरिडॉरएवढीही नव्हती, पण ती भागवून घेणार होती. स्टेजकडे जाताना भराभर, मागे येताना सावकाश, आणि बोटं पावलांना धरून अशी सुटली की तिला स्वतःलाच गाठता येईना.

दादाचा हात बटणावरून निघाला होता. कधी, ते तिला कळलं नाही.

आणि मग तिला दिसलं. इतकी वर्षं ती कायम पुढे जाऊन, बँडकडे पाठ करून वाजवत आली होती. आज पहिल्यांदाच तो समोर होता. गप्प्या जीभ चावून वाजवतो. वहिनी दुसऱ्याचा तुकडा चालू असताना ओठांनी आपले शब्द घोकते. आणि दादा हनुवटी उचलत होता. तिच्याकडे बघून. एकदा बारीक, म्हणजे तयार राहा; एकदा ठळक, म्हणजे आता ये. पुढच्या कडव्याला तिने कायमच अर्धी मात्रा उशिरा यायचं, त्याने कायमच कपाळाला हात लावायचा. आज हनुवटी उचलली गेली आणि ती आली. नेमकी. दादाच्या भुवया टोपीत जायच्या बाकी राहिल्या.

गाणं संपलं. टाळ्यांमध्ये किल्ल्यांचा आवाजही होता. मॅनेजर जुडगा मांडीवर आपटत होते.

उरलेला कार्यक्रम तिने खालूनच केला. सगळं आटोपून लोक पांगल्यावर ती स्टेजपाशी आली, गिटार गळ्यातच.

"तू मला हनुवटीने इशारा करतोस?"

"वीस वर्षं करतोय!" दादाचा आवाज चढला. "तुझ्या पाठीला करतोय! तू कधी बघितलंस?"

"तोंडाने सांगायचं होतंस."

"चालत्या गाण्यात? आणि तू थांबतेस कुठे सांगायला?"

"आणि तू बटण दाबलंस."

दादा वायरी गुंडाळू लागला. त्याने एक गुंडाळी तीनदा सोडून पुन्हा केली. "दाबलं," तो शेवटी म्हणाला. "लोक हसत होते. मला ते बघवेना."

मॅनेजर वर आले. "शनिवार तुमचे," ते म्हणाले. "मधली वाट मी मोकळी ठेवतो. पण या बाई खाली उतरणार ना? का ते हिरव्या दिव्याचं यंत्र पुढे आणून ठेवणार तुम्ही, स्टेजच्या कडेला? मग त्यांना वरूनच जमेल, नाही का?"

"जमेल," दादा म्हणाला आणि बहिणीकडे बघितलं. खुर्चीचा विषय त्याने काढला नाही. "तिलाच विचारा."

विचारायला ती जागेवर नव्हती. रिकामा हॉल बघून ती मधल्या वाटेने निघालीही होती, पावलं मोजत, नवव्या रांगेच्या पुढे, बाराव्याच्या पुढे, चालता चालता तारेवर बोट मारत. दारातून बाहेर गेली. अ‍ॅम्पमधून बारीक टिंग, टिंग येत राहिलं. मग खर्र. मग काहीच नाही.

"गेली," वहिनी म्हणाली.

अ‍ॅम्प बंद करायला दादाने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. दोघं ऐकत उभी राहिली. गप्प्याही थांबला, हातात झांज. थोड्या वेळाने एक तार वाजली, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीतून.

"वळली," दादा म्हणाला.